तिघांनी एकत्र निघू नये

विमान एक असतं आणि नंबर दोन असतात. एवढं एक वाक्य लोकांच्या गळी उतरवण्यात रायपूरच्या शंकर नगरातल्या ट्रॅव्हल ऑफिसातली माझी बावीस वर्षं गेली, आणि ते कुणाच्या गळी उतरलं असेल याची मला आजही खात्री नाही. नोकरी सोडून चार वर्षं झाली, तरी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई पहिला घास घ्यायच्या आधी पर्समधून तिकिटाचा कागद काढते. "ताई, जरा पाहून द्या न. वर एका कंपनीचं नाव लिहिलं हाये अन् खाली बारीक अक्षरात दुसरीच कंपनी. फसवलं तर नाही न कोणी?" मग मी वरणभात कालवता कालवता पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा' असा निरोप पाठवला, तेव्हा मी म्हटलं, गमती कसल्या, डोक्याला ताप होता नुसता. ते म्हणाले, मग तापच लिहा.

छत्तीसगड राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा मी तिशीत होते. त्याआधी इथून परदेशाचं तिकीट काढायचं म्हणजे नागपूरच्या नाहीतर मुंबईच्या कुणा ओळखीच्याला सांगायचं आणि वाट पाहत बसायचं. राजधानी झाली आणि शंकर नगरात दर चौथ्या घराच्या खाली एक ऑफिस निघालं. आमचे मालक तोवर तीर्थयात्रेच्या बसगाड्या सोडायचे. त्यांनी दोन कॉम्प्युटर घेतले, दारावर विमानाचं चित्र लावलं आणि मला पंधरा दिवस मुंबईला शिकायला पाठवलं. इकडे गावातली पोरं इंजिनिअर होऊन अमेरिकेला जात होती. पोरं गेली की दोन-तीन वर्षांत त्यांचे आईबाप माझ्या टेबलासमोर येऊन बसत. विमान म्हणजे आकाशातली रेषा, एवढीच त्यांची विमानाशी ओळख असे.

माझे बाबा रेल्वेत गार्ड होते. आम्ही बाबासाहेबांच्या घरातली माणसं. मुहूर्त, अपशकुन, मांजर आडवी जाणं, हे आमच्या घरात चालत नसे. बाबा म्हणायचे, "म्या हजार गाड्याले हिरवी झेंडी दाखवली. कोन्त्याच गाडीचा मुहूर्त पाह्यला नाही. सिग्नल पाह्यला." हे वाक्य लक्षात असू द्या, कारण पुढे मीच ते विसरले.

आता धंद्यातली गोष्ट. दोन विमान कंपन्या आपसात दोस्ती करतात. त्यांची खरी नावं कशाला घ्या, एकीला थोरली म्हणू आणि दुसरीला धाकटी. थोरलीचं विमान युरोपातून अमेरिकेला जातं. धाकटी त्याच विमानाला आपलाही एक नंबर लावते आणि त्यातल्या काही जागा आपल्या नावाने विकते. विमान थोरलीचं, वैमानिक थोरलीचा, चहासुद्धा थोरलीचा. पण तिकिटावर नाव आणि नंबर धाकटीचा. याला म्हणतात कोडशेअर. मुंबईच्या मास्तरांनी फळ्यावर गोल काढून, बाण मारून हे शिकवलं होतं आणि आम्हा अकरा जणांपैकी एकालाही ते कळलं नव्हतं.

मला ते कळलं भनपुरीच्या साहूजींमुळे. त्यांचं भनपुरीत ट्रान्सपोर्टचं काम. मुलाच्या पदवीदानाला अमेरिकेला निघाले होते. तिकीट हातात घेऊन त्यांनी खालची बारीक अक्षरं वाचली. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला, म्हटलं, आता अर्धा तास गेला. पण साहूजी हसले. म्हणाले, "दीदी, ये तो बिल्टी है. हमारा रोज का काम. बुकिंग मैं लेता हूँ, माल मिश्रा के ट्रक में जाता है. बिल्टी मेरी, गाड़ी उसकी. पार्टी को क्या करना है, माल पहुँचना चाहिए." बिल्टी म्हणजे माल पाठवल्याची पावती. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग त्यांनी एका दमात उरकलं होतं. जिन्यापर्यंत जाऊन ते पुन्हा मागे आले. "बस एक बात है दीदी. माल बीच रास्ते में अटक गया, तो कोई ये नहीं पूछता कि ट्रक किसका है. तब पूछते हैं, बिल्टी किसकी है. हव?" मी पण हसून त्यांच्याच बोलीत "हव", म्हणजे हो, म्हटलं. ते वाक्य त्याच दिवशी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावायला हवं होतं. मी लावलं विमानाचं कॅलेंडर.

सगळे साहूजींसारखे नव्हते. उरला नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या एका कारखानदाराने थोरलीच्या जेवणाची ख्याती ऐकून थोरलीचं तिकीट घेतलं, आणि समुद्रावरचा टप्पा निघाला धाकटीच्या विमानाचा. मी तीनदा सांगितलं होतं. परत आल्यावर साहेब ऑफिसात उभ्या उभ्या ओरडले, "पैसा लिया होटल का और खिलाया ढाबे में!" दुसऱ्या एका बाईंनी एकाच दिवशी एकाच वेळी सुटणारी दोन विमानं पडद्यावर पाहिली, त्यातलं 'कमी गर्दीचं' द्या म्हणाल्या. दोन्ही एकच आहेत म्हटल्यावर त्या मालकांकडे माझी तक्रार घेऊन गेल्या, की तुमची मुलगी गिऱ्हाइकाला उडवून लावते.

आणखी एक रीत सांगते, पुढे ती लागणार आहे. म्हाताऱ्या माणसांना आम्ही चाकाची खुर्ची सांगायचो. पाय धडधाकट असले तरी. कारण परक्या विमानतळावर पाय अडत नाहीत, भाषा अडते. खुर्ची मागितली की ढकलायला एक माणूस मिळतो आणि तो बरोबर दारापाशी नेऊन सोडतो. बिचाऱ्या कंपन्यांना वाटत असेल, छत्तीसगडात सगळ्यांचे गुडघे गेलेले आहेत. काही जण मात्र खुर्चीचं नाव काढलं की खवळायचे. देशकर काकू त्यांतल्याच.

देशकर मंडळी मूळची अमरावतीकडची. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त, काकू शाळेत गणित शिकवून निवृत्त. एकुलती एक मुलगी पल्लवी अमेरिकेत ओहायोला, तिला सातवा महिना लागला होता. काका-काकू बाळंतपणाला निघाले होते. तिसऱ्या होत्या अक्का, काकांच्या मोठ्या बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि त्या भावाकडे आल्या त्या इथल्याच झाल्या. काकू शाळेत जायच्या तेव्हा पल्लवीला अक्कांनीच वाढवलं. पल्लवीने फोनवर हट्ट धरला होता की आत्यालाही आणा. काकूंना ते फारसं पटलं नव्हतं, पण दिवस गेलेल्या मुलीचं मन कोण मोडणार? तिघांचाही व्हिसा एका फटक्यात झाला. मला वाटलं, सोपं काम आहे.

काका म्हणाले, "आमी तिघं जाऊन राहिलो बेटा. सोबतच्या तीन सीटा पाहून दे."

"तिघं?" काकूंनी त्यांचा हात दाबला. "तीन तिगाडा, काम बिगाडा. शुभ कामाले तिघं निघत नसतेत. पोरीचं पहिलं बाळंतपन हाये. माझ्या घरी तर तीन पोळ्या बी वाढत नाही मी ताटात."

गणिताच्या बाई तीन या आकड्याला एवढ्या घाबरत असतील असं मला वाटलं नव्हतं. मग सुरू झाला खेळ. काका आधी जातील? नाही, तिथे त्यांचं जेवणाखाण्याचं कोण पाहणार. काकू आधी जातील? मग अक्कांना आणि काकांना इंग्रजीच्या जंगलातून कोण नेणार. अक्का एकट्या? छे छे. एका आठवड्यात ती मंडळी चार वेळा माझ्याकडे आली. मी जागा धरून ठेवायची, मुदत संपायची, जागा सुटायची, पुन्हा धरायची. तारखा जानेवारीच्या आणि जागा भराभर जात होत्या. चारही वेळा अक्का खिडकीजवळच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या असत आणि आम्ही तिघं भांडत असू.

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. बाबा असते तर त्यांनी सरळ सांगितलं असतं, काकू, हे सगळं खूळ आहे, तिघं मिळून जा आणि एकमेकांना सांभाळा. मला तसं सांगता आलं असतं. पण सांगून वाद कोण वाढवणार? मी हुशारी केली.

"काकू, असं करू. तुम्ही दोघं थोरलीच्या नंबरावर जा. अक्कांना धाकटीच्या नंबरावर काढते. कंपनी वेगळी, नंबर वेगळा, तिकीट वेगळं. कागदावर तिघं एकत्र निघालेच नाहीत."

"अन् इमान?"

"विमान एकच. तुमच्याच आसपास बसतील."

काकूंनी कागद हातात घेऊन दोन्ही नंबर बोटाने ताडून पाहिले. उत्तर बरोबर आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. "नंबर अलग हाये न? मंग झालं." काका म्हणाले, "हुशार पोट्टी हाये." मला तेव्हा फार बरं वाटलं. जेवणाचं लिहून घेतलं, अक्कांसाठी खुर्ची सांगितली. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मले कायले पाह्यजे खुर्ची? लोक काय म्हनतीन, लंगडी आली म्हनून?" अक्कांच्या पिशवीला मी नेहमीप्रमाणे एक जाड कागद लावला. त्यावर इंग्रजीत नाव, जायचं गाव, जावयाचा फोन आणि 'मला मराठी आणि हिंदी येते' एवढं लिहिलं होतं.

निघायच्या दिवशी काकूंनी अक्कांना अर्धा तास आधी शेजाऱ्यांच्या गाडीतून रायपूरच्या माना विमानतळावर पाठवलं, म्हणजे उंबरठ्यातून तिघं एकदम निघायला नकोत. रायपूर ते दिल्ली एकाच विमानातून गेले. देशातल्या देशात दोष नसतो, हा नियम काकूंनीच काढला. वजनासाठी सामान तिघांत वाटलं होतं, त्यामुळे काकूंनी महिनाभर खपून केलेले डिंकाचे लाडू अक्कांच्या बॅगेत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी डबा उघडला होता, तेवढ्यात फोन वाजला. युरोपातल्या मधल्या विमानतळावरून काका बोलत होते. मागे प्रचंड गलका.

"प्रज्ञा, अक्काले घेऊन गेले!"

"कोण घेऊन गेले?"

"खुर्चीवाला! इथं बर्फ पडून राहिला, आपलं इमान क्यान्सल झालं. आमी लाइनीत उभे. एक लंबा मानूस आला, कागद पाह्यला, अक्काले खुर्चीत बसवलं अन् ढकलत घेऊन गेला. आमी मागं धावलो त म्हने नो, नो. तुमी नाही. ओन्ली शी."

हातातली पोळी डब्यात टाकून मी कॉम्प्युटरकडे वळले. काका-काकूंचं बुकिंग उघडलं. थोरलीने त्यांना आपल्याच पुढच्या विमानात बसवलं होतं, पण सगळी विमानं भरलेली, म्हणून ते निघणार होते तिसऱ्या दिवशी. मग अक्कांचं बुकिंग उघडलं. अक्का धाकटीच्या गिऱ्हाईक. धाकटीचं स्वतःचं एक विमान त्याच विमानतळावरून शिकागोला जात होतं, बर्फ थोडा थांबल्यावर ते सुटणार होतं, आणि त्यात धाकटीने आपल्या माणसाला जागा दिली होती. सुटायला जेमतेम पन्नास मिनिटं होती.

मी थोरलीच्या दिल्लीच्या ऑफिसला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, हे दोघं आमचे, त्या बाई आमच्या नाहीत. मी म्हटलं, अहो, काल रात्रभर तुमच्याच विमानात बसून आल्या त्या! ती म्हणाली, हो मॅडम, पण तिकीट आमचं नाही. धाकटीच्या ऑफिसला लावला. तिथला मुलगा म्हणाला, म्हातारीची सोय केली आहे, बाकी दोघांचं आमच्याकडे काहीच दिसत नाही. मी म्हटलं, एकच घर आहे, एकच स्वयंपाक आहे, दोघांना अजून जागा द्या. तो म्हणाला, त्यांच्या कंपनीने आम्हाला तसं लिहून कळवावं. पन्नासातली पंधरा मिनिटं यात गेली. बिल्टी किसकी है, हे साहूजींचं वाक्य मला त्या वेळी आठवलं, आणि स्वतःचाच असा राग आला की फोन आपटावासा वाटला.

एक गोष्ट मात्र मी करू शकत होते. धाकटीला सांगून अक्कांना उतरवून घेता आलं असतं. मग तिघंही तिसऱ्या दिवशी एकत्र गेले असते. एकटी, इंग्रजीचं अक्षर न येणारी बाई समुद्रापार पाठवण्यापेक्षा ते बरं, असं मला वाटायला लागलं होतं. मी दिल्लीचा नंबर पुन्हा फिरवणार, इतक्यात दुसरा फोन वाजला. पल्लवीचा नवरा. तिकडे पहाट होत होती. "ताई, ते लोक कुठपर्यंत पोहोचले? पल्लवीला कळा सुरू झाल्या आहेत. दोन महिने आधीच. आम्ही हॉस्पिटलला निघालोय. ती सारखी विचारतेय, कोणी आलं का?"

मी त्याला शिकागोचं विमान सांगितलं, तिथून पुढच्या छोट्या विमानाची वेळ सांगितली. एकट्या आत्या येत आहेत म्हटलं. मग काकांचा फोन ज्या नंबरावरून आला होता, त्यावर उलट फोन केला. या वेळी काकूंनी उचलला. मी त्यांना सगळं सांगितलं.

"तिच्या जागी मले बसव," काकू म्हणाल्या.

"काकू, तिकीट नावावर असतं. पासपोर्ट पाहतात."

"मंग नाव बदल. तूच त करतेस न सारं? तूच अलग केलं, तूच बदल. तिले खाली उतरव अन् मले बसव."

"होत नाही काकू. त्यांना उतरवलं तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल. तुम्हाला नाही मिळणार."

"मी माय हाओ तिची, प्रज्ञा."

बावीस वर्षांत माझ्याशी लोक ओरडून बोलले, हुज्जत घालून बोलले, वकिलाची भीती घालून बोलले. 'मी माय हाओ' असं कुणी म्हटलं नव्हतं. मी एका हाताने पडद्यावर रिकामी जागा शोधत राहिले आणि डोळ्यांतून पाणी येत राहिलं. शेवटी काकूच म्हणाल्या, "जाऊ दे तिले. कोनी तरी त पोचू दे." आणि फोन ठेवला.

अक्का पोहोचल्या. शिकागोला खुर्चीवाल्याने पिशवीवरचा कागद वाचला, पुढच्या विमानात नेऊन बसवलं, जावयाने उतरवून घेतलं आणि तसंच हॉस्पिटलात नेलं. अमेरिकेच्या डॉक्टरांनी त्यांना हिरवा झगा घालून आत घेतलं. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. चिमुकली होती, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण वाचली. काका-काकू तिसऱ्या दिवशी निघाले आणि शिकागोत रात्र काढून चौथ्या दिवशी पोहोचले.

मी दोन्ही कंपन्यांना पत्रं लिहिली. थोरलीने कळवलं की धाकटीला विचारा. धाकटीने कळवलं की थोरलीला विचारा. दोघींनीही आमच्यासोबत प्रवास केल्याबद्दल आभार मानले होते.

सहा महिन्यांनी देशकर मंडळी परतली आणि दोनच दिवसांत ऑफिसात आली. काकांनी टेबलावर चॉकलेटचा डबा ठेवला, नातीचे फोटो पसरले आणि विमानतळावरच्या हॉटेलात काढलेल्या दिवसांच्या गोष्टी हसून हसून सांगितल्या. शिकागोच्या कस्टमने काकूंच्या बॅगेतल्या बिजौऱ्या, म्हणजे उडदा-तिळाच्या वाळवलेल्या वड्या, कशा कचऱ्यात टाकल्या, तेही सांगितलं. अक्का आपल्या त्याच खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, चुकलं माझं. एका तिकिटावर असता तर एकत्र राहिला असता. मला हे माहीत होतं. मी वाद टाळायला हुशारी केली."

काकू फोटो सारखे करत होत्या. "मी चौथ्या दिवशी पाह्यलं तिले," त्या म्हणाल्या. "काचेतून. नर्सबाई मलेच विचारे, हू आर यू? अक्काले सारे वळखत होते. लाडू मी केले, अन् चारले बी अक्कानंच." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्याने मला जास्त लागलं. "पन तुले काय बोलू? तीनचं मीच काढलं होतं. चौथं कोनी असतं त हे सारं झालंच नसतं."

"चौथं होतं न," अक्का म्हणाल्या.

आम्ही तिघांनीही मान वळवली. अक्कांनी पदराची गाठ सोडली आणि त्यातून एक सुपारी काढून माझ्या टेबलावर ठेवली. हाताळून हाताळून काळी झालेली.

"तिघं असले का चौथी सुपारी घेत असतेत संग. आमच्या मायनं शिकवलं. तिकडं जातानी बी होती पदरात, येतानी बी."

शिकागोच्या कस्टमला बिजौऱ्या सापडल्या, सुपारी सापडली नव्हती. मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. एक सुपारी! चार हेलपाटे, दोन कंपन्या, दोन नंबर, आणि उपाय माझ्या समोरच्या खुर्चीत पदराला बांधलेला होता.

काकूंचा चेहरा उतरला. "अक्का, तुमी त इथंच बसून होत्या. चारी खेपा. मंग सांगितलं काहून नाही?"

"मले कोनं विचारलं?" अक्का म्हणाल्या.

रागाने नाही, सहज म्हणाल्या. काका छताकडे पाहायला लागले. मी आठवून पाहिलं. त्या चार दिवसांत मी अक्कांना एकच प्रश्न विचारला होता, की जेवण शाकाहारी लिहू ना, आणि त्याचंही उत्तर काकूंनीच दिलं होतं.

मग काकूंनी सुपारी उचलली, अक्कांच्या तळहातावर ठेवली आणि वरून त्यांची बोटं मिटली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जानेवारीत पहिला वाढदिवस हाये नातीचा. आमी तिघं जाऊ. एकाच तिकिटावर कर."

मी पडदा उघडला, तारीख टाकली. विमान एक, नंबर एक, कंपनी एक. जागा मांडायची वेळ आली तेव्हा मी कॉम्प्युटरवरून नजर काढली आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

"अक्का, तुम्हाला कुठली जागा देऊ?"

काकूंनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. अक्कांनी सावकाश विचार केला.

"खिडकीची दे," त्या म्हणाल्या. "मांगच्या खेपी एवढा मोठा समुद्र गेला म्हने खालून. मले मधात बसवलं होतं."